गाडीत पाणी शिरतंय कुठून?

गोदावरीला पाणी वाढलं की नाशिककर आधी विचारतो, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठपर्यंत लागलं? त्याच पावसात आमच्या गाडीत पण पाणी आलं. सकाळी दार उघडलं तर ओल्या गोधडीसारखा कुबट वास, आणि ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटपुढे पाय ठेवला की चपक चपक. काचा बंद, दारं बंद, सनरूफ तर गाडीला नाहीच.

आपण काय करतो, पाणी जिथे दिसतं तिथेच सिलिकॉन फासतो. मी पण दाराच्या रबर बीडिंगवर आख्खी ट्यूब घालवली, फरक शून्य. कारण पाणी शिरतं एकीकडून, पत्र्याच्या आतून, वायरिंगच्या कडेकडेने उतरत येतं आणि साचतं तिसरीकडेच.

मग अंबड लिंक रोडला एका मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आधी कारपेटच उचललं. हे बघा, वरून नुसतं दमट, पण खालचा फोम दाबला की पाण्याची धार. त्यांनी बोट बुडवून वास घेतला. गोडसर वास आला, हाताला चिकट लागलं तर ते कुलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी), म्हणजे डॅशबोर्डमागचा हीटर कोर, ज्यातून ते केबिन गरम करायला फिरतं, तो गळतोय, त्याचा पावसाशी संबंधच नाही. आमचं साधं पाणी होतं. उन्हाळ्यात ही जागा ओली झाली असती तर आधी एसीची ड्रेन नळी बघितली असती, ती तुंबली की पाणी रस्त्यावर टपकायचं सोडून आत येतं.

मग पाइप लावला. एक जण आत टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली वाकलेला, दुसरा बाहेर. पाणी बारीक सोडायचं आणि खालून वर जायचं, आधी दार, मग काच, टप सगळ्यात शेवटी, प्रत्येक जागी चार-पाच मिनिटं, वरून सुरुवात केली की सगळीकडेच ओघळतं आणि काही कळत नाही. दाराला काही नाही. वायपरखालच्या जाळीवर पाइप धरला आणि आतून आवाज आला, "आलं, आलं, थांबा!"

जाळी उघडली. गाडी आमची गंगापूर रोडला कडुनिंबाखाली उभी असते, ती सगळी बारीक पानं तिथे जाऊन कुजलेली, काळी, चहाच्या चोथ्यासारखी. पाणी जायचं भोक पूर्ण बुजलेलं, म्हणून पाणी तुंबून हवा आत घ्यायच्या वाटेने थेट केबिनमध्ये. हाताने गाळ काढला, वरून तांब्याभर पाणी ओतलं, खाली चाकामागून भसकन बाहेर. सिलिकॉनचा एक थेंब लागला नाही!

खरा वेळ गेला तो वाळवण्यात. फोम आठवडाभर पाणी धरून ठेवतो, खाली पत्रा गंजतो, सीटखालचे कनेक्टर खराब होतात, त्यात एअरबॅगचे पण असतात, म्हणून बॅटरी काढल्याशिवाय तिथे हात घालू नका प्लीज. आम्ही कारपेट उचलून खाली विटेचा तुकडा लावला आणि तीन दिवस टेबल फॅन सोडला.

दार हलवल्यावर आत पाणी खळखळत असेल तर दाराच्या खालच्या कडेची भोकं मोकळी करा. डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात साचत असेल तर टेललाइटचं गॅस्केट, म्हणजे मागची रबरी पट्टी बघा.

परवा त्र्यंबकला जाऊन आलो, अख्ख्या रस्त्याने धो धो. निघताना कारपेटखाली पेपर ठेवला होता. घरी आल्यावर काढून बघितला, कोरडा होता.