न फिरणारा आहेर

(दृश्य: उघडे पोलादी कपाट)

सांगलीच्या विश्रामबाग भागातील एका घरातले हे कपाट आहे. वरच्या कप्प्यात गुलाबी आणि पिस्ता रंगाचे टॉवेल, त्याखाली पांढऱ्या टोप्या आणि सर्वांत खाली ब्लाउजपीस आहेत, आणि यांपैकी एकाही वस्तूची घडी आजवर मोडलेली नाही. टॉवेल-टोपीचा आहेर आपल्याकडे एका लग्नात घेतला जातो, दुसऱ्या लग्नात दिला जातो, तिथून तिसऱ्या घरी जातो आणि कधी कधी वर्ष-दोन वर्षांनी ज्याने दिला त्याच्याच दारात परत येतो. या कपाटात असा एक टॉवेल आहे, की ज्याला याच घरातल्या माणसाच्या अक्षरातील चिठ्ठी अजून टाचलेली आहे.

ज्यांचे हे कपाट आहे, त्यांनी आपले नाव पडद्यावर येऊ नये अशी अट घातली होती. त्यांनी अनेक वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले असल्यामुळे शेजारीपाजारी त्यांना ‘बाई’ म्हणतात, आणि आम्हीही त्यांना बाईच म्हणणार आहोत. निवृत्तीनंतर बाईंनी टॉवेल-टोपी देणे बंद केले. आता लग्न असो, बारसे असो किंवा वास्तुशांत असो, त्या स्वतः विणलेला, लेससारखी जाळी असलेला, ताटाखाली अंथरायचा रुमाल देतात.

(दृश्य: खिडकीजवळचा माग)

हा माग मेजावर मावेल एवढाच आहे. त्याला चार वह्या आहेत. विणकामातील वही म्हणजे धागा ओवण्यासाठी मधोमध डोळा असलेल्या तारांची एक चौकट. ती उचलली, की तिच्यात ओवलेले धागे वर जातात आणि धोटा, म्हणजे आडवा धागा वाहून नेणारे साधन, जाण्यापुरती वाट तयार होते. आयुष्यभर वह्याच तपासल्या आणि आता वह्याच उचलते आहे, असे बाई चित्रीकरणाच्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, आणि त्यानंतर दिवसभर त्यांनी आमच्याशी फारसे बोलणे केले नाही, कारण त्या दिवशी ओवणीचे, म्हणजे एकेक उभा धागा वहीच्या डोळ्यातून ओवण्याचे, काम होते.

ओवणी चालू असताना बोलता येत नाही, हे पुढची दृश्ये पाहिल्यावर लक्षात येईल. मागावर ४५० उभे धागे आहेत. त्यांपैकी दोन्ही कडांना साध्या विणीचे २७-२७ धागे सोडले, तर मधल्या ३९६ धाग्यांचे सहा-सहांचे ६६ गट होतात. प्रत्येक गटातला पहिला, तिसरा आणि पाचवा धागा पहिल्या वहीत जातो. दुसरा आणि चौथा धागा नक्षीप्रमाणे तिसऱ्या किंवा चौथ्या वहीत जातो. सहावा धागा मात्र नेहमी दुसऱ्याच वहीत जातो, आणि सगळी जाळी या सहाव्या धाग्याच्या भरवशावर उभी असते. पडद्यावर दिसणारी ओंजळभर राजम्याच्या दाण्यांची वाटी ही मोजणीची सोय आहे. एक गट ओवून झाला, की एक दाणा दुसऱ्या वाटीत पडतो. त्यानंतर हे धागे फणीच्या, म्हणजे उभे धागे सारख्या अंतरावर ठेवणाऱ्या आणि आडवा धागा जागेवर बसवणाऱ्या चौकटीच्या, घरांत दोन-दोन करून भरले जातात. फणीच्या एका इंचात १५ घरे आहेत, म्हणजे इंचाला ३० धागे बसतात. याच सुताच्या दाट कापडाला यापेक्षा जास्त धागे लागले असते. जाळीच्या कापडात धाग्यांना धुतल्यावर एकमेकांकडे सरकायचे असते, म्हणून त्यांना थोडी मोकळीक ठेवावी लागते.

या विणीला जगभरातील हातमाग विणकर ‘ब्रॉन्सन लेस’ म्हणतात. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात युटिका येथे १८१७ मध्ये जे. आणि आर. ब्रॉन्सन यांनी घरगुती विणकाम आणि रंगकाम यांवर एक पुस्तक छापले होते, त्यावरून हे नाव आले. हिच्या जवळची ‘हकबॅक’ नावाची वीण युरोपात पिढ्यान्‌पिढ्या टॉवेलसाठी वापरली गेली, कारण तिच्यातले मोकळे तरंगते धागे पाणी चटकन शोषून घेतात. म्हणजे बाई टॉवेल सोडून जिकडे गेल्या, तिथेही फिरून टॉवेलच भेटला. फरक इतकाच, की हा पुसायच्या उपयोगाचा आहे.

पाश्चात्त्य परंपरेत असे कापड बहुधा लिननमध्ये विणले जाई. लिनन जवसाच्या खोडातील तंतूंपासून तयार होते. आपल्याकडे जवस मुख्यतः बियांसाठी पेरले जाते आणि त्याची चटणी होते. बाईंनी म्हणूनच दुपदरी २० नंबरचे सुती सूत निवडले. ते त्या इचलकरंजीहून आणतात. सातारा जिल्ह्याच्या माण आणि खटाव भागात घोंगडीच्या लोकरीच्या ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ द्यावी लागते. या पिळदार दुपदरी सुताला ती लागत नाही, त्यामुळे बाईंचे एक मोठे काम वाचते. इचलकरंजीत १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग आला आणि आमच्याच जिल्ह्यातील विट्यातही आज यंत्रमागांची खडखड ऐकू येते. यंत्रमागावर जाळीदार कापड निघू शकते, आणि ते बाईंपेक्षा कितीतरी वेगाने निघते, परंतु त्याचे चित्रण या माहितीपटात नाही.

(दृश्य: धोटा, वरून)

आता हात पाहावेत. डावा हात मागाच्या दांड्यांवर आहे आणि उजव्या हातात धोटा आहे. पहिली वही उचलून एक धागा टाकला जातो. मग दुसरी आणि चौथी वही एकत्र उचलून दुसरा धागा टाकला जातो. हीच जोडी पुन्हा एकदा होते. पाचव्या धाग्याला पुन्हा पहिली वही वर येते, आणि सहाव्या धाग्याला दुसरी, तिसरी व चौथी अशा तिन्ही वह्या वर येऊन साधी वीण बसते. जिथे तिसरी वही खालीच राहिली, तिथे आडवा धागा पाच उभ्या धाग्यांवरून न अडकता तरंगत गेला. हे असे सहा-सहा धाग्यांचे ९० फेरे झाले, म्हणजे ५४० आडवे धागे झाले, की सुमारे १८ इंचांचा एक रुमाल पुरा होतो. ४ मीटरांच्या एका ताण्यावर असे सहा रुमाल निघतात. फणी जोरात ठोकायची नसते, ती नुसती टेकवायची असते, आणि ही सवय लागायला बाईंना पहिले दोन ताणे खर्ची घालावे लागले.

मागावरून उतरलेले कापड पाहून आमच्या कॅमेऱ्यामागच्या मंडळींची निराशा झाली होती, हे मान्य केले पाहिजे. ते एखाद्या जाड्याभरड्या पंचासारखे दिसत होते, आणि त्यात जाळी कुठेच नव्हती.

(दृश्य: बादली, जवळून)

यानंतरचे चित्रण आम्ही कुठेही कापलेले नाही. बादलीत गरम पाणी आणि रिठ्याचा फेस आहे. कापड पाण्यात जाते, हाताने दाबले जाते, हलकेच चोळले जाते. ताणातून सुटलेले धागे ओले होऊन फुगतात. जिथे साधी वीण आहे तिथे ते एकमेकांना अडवून धरतात, आणि जिथे आडवा धागा तरंगतो आहे तिथे त्यांना अडवणारे कोणी नसल्यामुळे पाच-पाच धागे एकमेकांकडे सरकून एकत्र येतात. अशा दोन गटांच्या मधे जी फट मोकळी राहते, ती लेसची खिडकी होय. येथे कात्री लागलेली नाही आणि क्रोशाची सुईही लागलेली नाही. रुखवतात मांडतात ते क्रोशाचे रुमाल एकेक टाका घालून भोके घडवतात. या कापडातील भोके मात्र विणतानाच ठरलेली होती आणि पाण्याची वाट पाहत होती. मागावर १५ इंच रुंद असलेला रुमाल धुतल्यावर साडेतेरा इंचांच्या आसपास उरतो. तो ओलसर असतानाच त्याला इस्त्री करतात.

चूकही बादलीतच दिसते. या ताण्यातील एका गटाचा सहावा धागा दुसरीऐवजी तिसऱ्या वहीत गेला होता. मागावर ते कोणाच्याही लक्षात आले नव्हते. धुतल्यावर सहाही रुमालांमध्ये त्याच एका उभ्या रेषेत दोन खिडक्या मिळून एकच लांबट भोक पडले. बाईंनी ते सहाही रुमाल घरात वापरायला काढले आणि पुन्हा राजम्याचे दाणे मोजायला घेतले.

या कामाने बाईंचा चष्म्याचा नंबर वाढला आहे, मान अवघडते आणि सुताचा खर्च पेन्शनमधून जातो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात, आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा, बाईंनी नदीकाठच्या नातेवाइकांकडे ठेवलेला त्यांचा पहिला माग पाण्यात गेला. त्या दिवसांचे चित्रण आमच्याजवळ नाही.

(दृश्य: तासगाव, एका घराचे मागील अंगण)

हे घर बाईंच्या एका जुन्या विद्यार्थिनीचे आहे. तिच्या मुलाच्या बारशाला बाईंनी दोन रुमाल दिले होते, आणि आम्ही ते पाहण्यासाठी आधी न कळवता गेलो होतो. रुमाल कपाटात नव्हते. एक स्वयंपाकघरात ताटाखाली होता. दुसरा दोरीवर वाळत होता, त्याच्या जाळीतून पलीकडची तुळस दिसत होती, आणि त्याच्या कोपऱ्यावर आमटीचा पिवळा डाग होता, जो त्या मुलीने आमच्यासमोर हाताखाली झाकण्याचा प्रयत्न केला.