रेच्यावरच्या बाया

हिंगणघाटजवळच्या या बंद जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात, मी प्रथम कॅमेरा घेऊन आलो, तेव्हा माहितीपट यंत्रांवर करायचा होता. कपाटातल्या जुन्या वह्यांमध्ये प्रत्येक गाठीचा क्रमांक आणि वजन नोंदलेले होते. रेच्यावर, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रावर, कापूस घालणाऱ्या बायांसाठी मात्र 'रेजा १४', म्हणजे चौदा मजूर बाया, एवढेच. त्या नोंदीपाशी मी थांबलो, तो आजतागायत.

१८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि पुढच्या काळात कापसाच्या बाजारांभोवती सरकी काढणारे, गाठी बांधणारे कारखाने उभे राहत गेले. मुंबईतल्या आणि १८७७ साली सुरू झालेल्या नागपूरच्या एम्प्रेस मिलमधल्या कामगारांबद्दल पुष्कळ लिहिले गेले, पण जिनिंगमधल्या बाया त्यात क्वचितच दिसतात. याचे एक कारण कायद्यात आहे. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने वर्षातून चार महिन्यांहून अधिक न चालणारे कारखाने वगळले होते, आणि हंगामी जिनिंग नेमकी तिथेच निसटली. तपासनीस आला नाही, म्हणून कागदही झाला नाही.

तेव्हा मी तोंडी साक्षी घेऊ लागलो. लुगड्याचा पदर नाकावर बांधून दिवसभर कापूस लोटलेली एक आजी बोलता बोलता समोरच्या रिकाम्या सुपातही तळहाताने तसेच लोटत राहते. तिला सनाचा आकडा सांगता येत नाही. ती 'दुष्काळाच्या साली' म्हणते, किंवा 'एकाधिकार खरेदी आली तेव्हा', म्हणजे कापूस फक्त सरकारने विकत घ्यायची योजना आली तेव्हा. दोन्ही खुणा १९७२ च्या.

त्याच वर्षीच्या ग्रॅच्युइटी कायद्याने हंगामी कारखान्यातील पात्र कामगाराला दर हंगामामागे सात दिवसांची मजुरी देऊ केली होती, पण केलेले हंगाम सिद्ध कोणी करायचे? आम्ही लग्न, बाळंतपण आणि नदीचे पूर यांच्याशी जुळवून एकेकीचे हंगाम मांडले आणि ते टिपण दाव्यांना जोडले. काही दावे मान्य झाले, काही फेटाळले गेले. फेटाळलेल्या बायांची साक्षही या पटात पूर्ण ठेवली आहे, कारण त्यांनी केलेले काम निकालाने कमी होत नाही.

पहिला खर्डा आम्ही समाजमंदिराच्या भिंतीवर दाखवला. तो संपल्यावर आजी म्हणाली, "आवाज कमी हाये बाबू. रेच्याचा आवाज याच्याहून मोठा होता." दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावातल्या चालू जिनिंगमध्ये जाऊन आम्ही तो आवाज पुन्हा ध्वनिमुद्रित केला. आता तुम्ही ऐकत आहात, तो तोच आहे.