खुबा बदलल्यावर चालताना डोकं काय करत असतं

नमस्कार मंडळी. तुमच्यापैकी काहींचा खुब्याचा सांधा बदलून झालाय, काहींची तारीख ठरली आहे. बाकीचे कुणाचा मुलगा, कुणाची सून, कुणाचे यजमान म्हणून आला आहात. मला आधी तुमच्याशीच, म्हणजे घरच्यांशी बोलायचंय.

ऑपरेशननंतर पेशंट वॉकर धरून पहिली पावलं टाकतो, तेव्हा चहूबाजूंनी आवाज येतात. ‘समोर बघा.’ ‘पाय उचला.’ ‘मावशीचा फोन आहे, बोलता?’ आणि तो जागच्या जागी थांबतो. सगळ्यांना वाटतं, दुखलं असणार. कधी दुखतंही. पण बऱ्याचदा त्याचं सगळं लक्ष त्या पावलात गुंतलेलं असतं आणि फोनसाठी ते शिल्लक नसतं. म्हणून तो थांबतो.

एरवी चालायला आपण लक्ष देत नाही; ताल आपोआप सांभाळला जातो. पण खुबा झिजत गेला ती वर्षं आठवून बघा. दुखऱ्या पायावर भार टाकायचा नाही, अंग एका बाजूला कलतं ठेवायचं, ही चाल मेंदूनं पक्की केलेली असते. ऑपरेशनमध्ये गोळा बदलतो, वाटी बदलते. ती चाल मात्र तशीच राहते. त्यात नितंबाच्या बाजूचा स्नायू अशक्त झालेला असतो. एका पायावर उभं राहताना कंबर समतल ठेवणं हे त्याचं काम. तो कमी पडला की दुसऱ्या बाजूची कंबर खाली झुकते. ट्रेंडेलेनबुर्ग या जर्मन सर्जननी १८९५ साली हे लक्षण वर्णन केलं आणि आम्ही आजही ते रोज तपासतो.

मग आपोआप होणारं काम कपाळामागचा मेंदू हाती घेतो. ठरवणं, लक्षात ठेवणं, चुकीची हालचाल रोखणं, एका कामावरून दुसऱ्यावर जाणं, हे सगळं तोच करतो. त्याच्यावर आम्ही नियमही लादलेले असतात: काठी ऑपरेशनच्या विरुद्ध हातात, जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. सांधा मागच्या बाजूनं उघडला असेल तर खुब्यात नव्वद अंशांपेक्षा जास्त वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, असंही बरेच सर्जन सांगतात. झोप अर्धवट झालेल्या, वेदनाशामक गोळ्या घेतलेल्या माणसानं हे सगळं एकदम सांभाळायचं असतं. मला दरवेळी त्यांचं कौतुक वाटतं.

१९९७ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी वृद्धनिवासातल्या ५८ जणांबरोबर चालता चालता गप्पा सुरू केल्या. बोलायला लागताच १२ जण थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्यांतले १० जण पडले. ही मंडळी खुबा बदललेली म्हणून निवडली नव्हती, तरी चालणं आणि विचार करणं एकाच गंगाजळीतून खर्च होतं, हे त्यातून फार स्वच्छ दिसतं.

म्हणून सुरुवातीचे काही दिवस तो चालत असताना गप्प राहा. सूचना एका वेळी एकच द्या. ‘गुडघा वाकवा, टाच टेका’ यापेक्षा ‘त्या फरशीच्या रेघेवर पाऊल ठेवा’ हे जास्त लवकर जमतं.

पाऊल स्थिर झालं की मात्र उलटं करायचं. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं; आम्ही वेळ मोजतो. मग तेच, शंभरातून सात-सात वजा करत. दोन वेळांत फार फरक पडला किंवा पावलं अडखळली, तर सरळ चालणं कितीही छान दिसो, रस्त्यावर एकट्यानं जायची घाई नको. रस्त्यावर हॉर्न वाजतो, कुणीतरी हाक मारतं. हा सराव ठरवून करावा लागतो, शेजारी आधाराला माणूस ठेवून.

आता एक वेगळी गोष्ट, जिच्याकडे दुर्लक्ष झालं की मला वाईट वाटतं. ऑपरेशननंतरच्या दिवसांत वयस्कर माणूस अचानक गोंधळतो, सकाळी बरा आणि रात्री कुणाला ओळखत नाही, किंवा नुसता मिटून पडून राहतो. गडबड करणाऱ्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं. गप्प पडलेल्याला ‘थकलाय’ म्हणून सोडून देतात. दोन्ही वेळा डॉक्टरांना लगेच सांगा. जंतुसंसर्ग, न आवरलेली वेदना, तुंबलेली लघवी, झोपेची एखादी गोळी, काहीही कारण असू शकतं. चष्मा आणि श्रवणयंत्र पहिल्या दिवसापासून जवळ हवं. रात्री अंधार आणि शांतता हवी.

‘कमरेतून भूल दिली तर डोकं शाबूत राहतं ना?’ असं हमखास विचारतात. २०२१ मध्ये खुबा मोडलेल्या सुमारे १,६०० रुग्णांची कमरेतून भूल आणि पूर्ण भूल अशा दोन प्रकारांत विभागणी करून पाहिलं, तेव्हा गोंधळाचं प्रमाण दोन्हींकडे जवळपास सारखंच, साधारण पाचातल्या एकाला, निघालं. ते अपघाताचे रुग्ण होते. ठरवून केलेल्या ऑपरेशनमध्ये हा त्रास बराच कमी दिसतो. म्हणून भुलीच्या प्रकारावर जीव टांगून ठेवू नका, चष्मा तेवढा पिशवीत घाला.

आता चालणं परत आलं हे ओळखायचं कसं? मी काठी सुटण्याची वाट बघत नाही. एखाद्या दिवशी शेजारून चालताना पेशंट आपणहून काहीतरी सांगायला लागतो, नातवाबद्दल, काल रात्रीच्या झोपेबद्दल, आणि पावलं चालूच असतात. त्याच्या लक्षातही येत नाही. मी ती तारीख वहीत लिहून ठेवते.