ढेकूण येतो तो आपल्याच सामानातून

मंडळी, राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं. पुढं जैन, लिंगायत, मुस्लिम अशी एकामागून एक बोर्डिंगं उभी राहिली आणि कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणायला लागले. गावाकडचं पोर ट्रंक-वळकटी घेऊन इथं शिकायला येतं, ही या शहराची शंभर वर्षांहून जुनी रीत. आज समोर अशीच मुलं आणि त्यांचे आईवडील बसलेत, म्हणून ढेकणाबद्दल बोलायचं ठरवलं. हा विषय चारचौघांत काढायला लोक लाजतात. त्या लाजेपायी ढेकणाचं फार फावलं आहे.

ढेकूण म्हणजे घाण, असं आपण धरून चाललोय. ते खरं नाही. त्याला खरकटं नको, कचरा नको, त्याला फक्त रक्त लागतं. झोपलेल्या माणसाच्या अंगाची ऊब आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड यांच्या मागावर तो येतो, पाच-दहा मिनिटांत पोट भरतो आणि परत फटीत जातो. लख्ख घरातला माणूसही त्याला तेवढाच चालतो. घरात पसारा असला तर लपायला जागा वाढतात आणि शोधणं अवघड होतं, एवढाच काय तो फरक.

त्याला उडता येत नाही, उडीही मारता येत नाही. मग शाहूपुरीतल्या खोलीतून तो गडहिंग्लजच्या घरात पोचतो कसा? आपण नेतो म्हणून. बॅगेची शिवण, चेनच्या आतली पट्टी, गुंडाळलेली गादी, जुन्या बाजारातून घेतलेला लाकडी पलंग, ही त्याची वाहनं. अंगाला चिकटून तो सहसा प्रवास करत नाही. एका इमारतीत मात्र वायरिंगच्या पाइपातून, भिंतीच्या भेगांतून या खोलीतून त्या खोलीत चालत जातो.

इंग्लंडमधल्या शेफिल्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये एक प्रयोग मांडला होता. खोलीत धुतलेले कपडे ठेवले, अंगावर वापरलेलेही ठेवले. ढेकूण वापरलेल्या कपड्यांकडं दुपटीनं गेले. माणसाचा वास कपड्यात राहतो ना! म्हणून मुलांनो, मळके कपडे कॉटखाली ढीग करून टाकू नका आणि शनिवारी गावी नेताना प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून न्या. घरी गेल्यावर ती पिशवी थेट मोरीत उघडायची, आईच्या पलंगावर नाही.

एक पोटुशी मादी पुरते. रोज एक ते पाच अंडी घालते, जन्मभरात दोनशेच्या वर. अंडं खसखशीएवढं, पांढरट, फटीत चिकटवलेलं. आपल्या हवेत आठवडा-दहा दिवसांत पिल्लू बाहेर पडतं. मोठं होईपर्यंत ते पाच वेळा कात टाकतं आणि प्रत्येक वेळी त्याला आधी रक्त प्यावं लागतं. रक्त मिळालं नाही तरी मोठा ढेकूण काही महिने तग धरतो. म्हणजे सुट्टीत खोली बंद ठेवली, आता मेले असतील, हा हिशेब चुकतो.

चावा ओळखता येईलच असं नाही. कुणाच्या अंगावर लगेच गांध उठते, कुणाला आठवड्यानं, आणि काहींना काहीच होत नाही. घरातल्या आजीला काही होत नाही म्हणून तिच्या खाटेत ढेकूण नाहीत, असं समजू नका. त्यानं रोग पसरल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, पण झोप उडते आणि खाजवून जखमा होतात. अभ्यासाच्या वयात झोप जाणं मी साधी गोष्ट मानत नाही.

आता यात्रा, लग्न, स्लीपर गाडी, लॉज. खोलीत शिरलात की बॅग पलंगावर फेकू नका. आधी बाथरूमच्या कोरड्या फरशीवर ठेवा. मोबाइलची बॅटरी लावा, चादर उचला, गादीची काठाची शिवण चारी बाजूंनी बघा, मग डोक्याकडची फळी आणि पलंगाचे सांधे. जिवंत ढेकूण दिसेलच असं नाही. काळे ठिपके शोधा, ओल्या फडक्यानं पुसले तर ते पसरतात. टाकलेली पिवळसर कात शोधा. सापडलं तर खोली बदलून मागा, आणि शेजारची नको, लांबची मागा.

परत आल्यावर बॅग गच्चीत रिकामी करा. कपडे साठ अंशांच्या पाण्यात धुवा, जे धुता येत नाहीत त्यांच्या शिवणींवर कडक इस्त्री फिरवा. पन्नास अंशांच्या वर ढेकूणही मरतो, अंडंही. पण उन्हात गादी टाकून तेवढी उष्णता आतपर्यंत पोचत नाही. तो सावलीच्या बाजूला सरकतो. लोखंडी कॉटच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतायची आपल्या आज्यांची पद्धत मात्र अगदी बरोबर होती.

हात जोडून एक सांगतो. धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या खोलीत ठेवू नका. त्यातून फॉस्फिन वायू निघतो आणि बंद खोलीत झोपलेल्या माणसांचे जीव त्यानं गेलेले आहेत. रॉकेलही शिंपडू नका. बाजारातल्या नेहमीच्या फवाऱ्यांना बरेच ढेकूण आता दाद देत नाहीत, तेव्हा जाणकार माणूस बोलवा. पहिल्याच दिवशी रेक्टरना सांगा, शेजारच्या खोलीलाही सांगा, म्हणजे सगळ्या खोल्यांत एकदम औषध मारता येईल. आणि दोन आठवड्यांनी तोच माणूस पुन्हा यायला हवा, कारण पहिल्या फवारणीतून वाचलेली अंडी तोवर फुटलेली असतात.