नंबर तोच आहे, पण पडदा पाहिलाय का?

श्रोतेहो, नमस्कार.

डोळे तपासायला आलेला माणूस समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचतो. शेवटची ओळ वाचता आली की त्याचा जीव भांड्यात पडतो. नंबर वाढला नाही, म्हणजे डोळे ठणठणीत, असं समजून तो उठायला लागतो. मला आज बोलायचंय ते या समजुतीबद्दल, कारण तिच्यापायी वाचवता येण्यासारखी नजर जाते.

अक्षरं वाचताना आपण वापरतो तो डोळ्याच्या पडद्याचा, म्हणजे रेटिनाचा, मधला अगदी छोटा भाग. बाकीच्या पडद्यावर काय चाललंय ते तक्त्यावरून कळत नाही. शिवाय पडद्याला वेदना नसते. तिथे रक्त साकळलं, सूज आली, तरी डोळा दुखत नाही. आणि एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा अशी भरून काढतो की माणसाला कित्येक महिने पत्ता लागत नाही.

म्हणून पडदा प्रत्यक्ष बघावा लागतो. पूर्वी ते शक्य नव्हतं. बाहुली काळी दिसते, कारण आत बघायचं तर आपली नजर आणि आत जाणारा उजेड एकाच रेषेत हवेत, आणि तसं करायला गेलं की आपलंच डोकं उजेडाच्या आड येतं. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी हा पेच सोडवला आणि 1851 मध्ये आपलं उपकरण, म्हणजे डोळ्याच्या आत बघायचा ऑप्थॅल्मोस्कोप, जगापुढे मांडलं. शरीरातल्या रक्तवाहिन्या चिरफाड न करता थेट बघता येतात, अशी जागा त्यामुळे वैद्यकाला मिळाली.

आज तेच काम फंडस कॅमेरा करतो. पडद्याचा रंगीत फोटो निघतो, आणि मधुमेह असलेल्यांसाठी हा फोटो फार मोलाचा. सुरुवातीला त्यात टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसतात. बारीक रक्तवाहिन्यांना आलेले ते फुगवटे. पुढे पिवळसर डाग येतात, म्हणजे वाहिन्यांमधून स्निग्ध द्रव्य झिरपू लागलेलं असतं. त्याहीपुढे नव्या, नाजूक वाहिन्या फुटतात आणि त्यांतून कधीही रक्तस्राव होऊ शकतो. यातल्या बऱ्याचशा काळात माणसाला व्यवस्थित दिसत असतं! टाइप 2 मधुमेहाचं निदान झालं की लगेच पडदा तपासायला सांगतात, ते यासाठीच. साखर वाढलेली कळते आज, पण ती आधीपासून वाढलेली असू शकते. टाइप 1 असेल तर पहिल्या पाच वर्षांत सुरुवात करायची. त्यानंतर साधारण दरवर्षी, डॉक्टर सांगतील तसं.

दुसरी तपासणी ओसीटी, म्हणजे ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी: प्रकाशाच्या मदतीने पडद्याचे थर दाखवणारा स्कॅन. हे तंत्र 1991 मध्ये प्रसिद्ध झालं आणि नेत्रवैद्यकाचा चेहरामोहराच बदलला. हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं, आतल्या खुणेकडे बघत राहायचं. 'पापणी मिटू नका' असं तंत्रज्ञ म्हणेपर्यंत स्कॅन झालेलाही असतो. डोळ्याला काही लागत नाही, क्ष-किरण नाहीत, असतो तो फक्त प्रकाश. पडदा जेमतेम पाव मिलिमीटर जाड. त्याचे थर उभा छेद घेतल्यासारखे एकावर एक दिसतात. मध्यभागी पाणी साठलं असेल तर थरांमध्ये काळे पोकळ कप्पे दिसतात.

काचबिंदूत ओसीटी डोळ्याच्या नसेकडे जाणाऱ्या तंतूंची जाडी मोजतं. बाजूची नजर कमी झाल्याचं लक्षात येण्याआधीच बरेच तंतू गेलेले असतात, आणि गेलेले परत येत नाहीत. रिपोर्टवर हिरवा, पिवळा, लाल असे रंग असतात. ते बघून लोक घरीच निकाल लावतात, तसं कृपा करून करू नका. तुमच्या वयाच्या निरोगी लोकांच्या मापांशी तुलना करून यंत्र तो रंग देतं. मोठा मायनस नंबर असलेल्यांना काचबिंदू नसतानाही लाल येऊ शकतो. उलट, कोणाची जाडी मुळातच भरपूर असेल तर ती घटत असूनही रंग हिरवाच राहतो.

अशा वेळी जुना स्कॅन कामाला येतो. तुमची तुलना तुमच्याशीच झाली पाहिजे. एका स्कॅनपेक्षा, वर्षावर्षाच्या अंतराने काढलेले दोन-तीन स्कॅन शेजारी ठेवले की घसरण स्पष्ट दिसते. शक्यतो एकाच प्रकारच्या यंत्रावर ते काढा, कारण दोन वेगळ्या यंत्रांची मापं तंतोतंत जुळत नाहीत. डॉक्टर बदललेत तर जुने रिपोर्ट आधी त्यांच्यापुढे ठेवा. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून टाकून देऊ नका. पुढे तुलनेला तोच लागणार आहे.

एक मर्यादा मात्र सांगायलाच हवी. नेहमीचं ओसीटी पडद्याचा मधला भाग बघतं, साधा फंडस फोटोही कडेपर्यंत पोचत नाही. पडद्याला चीर पडते ती बहुतेकदा कडेला. ती शोधायला थेंब घालून, बाहुली मोठी करून डॉक्टरांनी स्वतः बघावं लागतं. थेंबांनंतर काही तास जवळचं अंधुक दिसतं, उजेड सहन होत नाही, तेव्हा गाडी चालवायला दुसऱ्या कुणाला सोबत न्या.

आणि डोळ्यापुढे अचानक विजेसारखे झोत चमकू लागले, काळ्या ठिपक्यांचा एकदम थवा आला, किंवा नजरेच्या एका बाजूने सावली सरकू लागली, तर दुखत नाही म्हणून थांबू नका. नेहमीच्या तपासणीची तारीख पुढच्या आठवड्यात असली तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा, आणि ही लक्षणं फोनवर वेळ घेतानाच सांगा.

नमस्कार.