तबकडीच्या आड काय होतं?

मंडळी, शेवटी प्रश्नोत्तरांत हा विषय निघणारच, तेव्हा मीच तो आधी घेतो. २००३ मध्ये अमेरिका इराकमध्ये घुसली ती तिथल्या प्राचीन सुमेरियन संस्कृतीतलं एक ‘ताऱ्यांचं दार’, म्हणजे परग्रहांवर नेणारं दार, ताब्यात घ्यायला, असं सांगणारे व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिले असतील. अफगाणिस्तानातल्या गुहेत अडकलेलं प्राचीन विमान ही त्याच गोष्टीची धाकटी बहीण. हसू नका. अशा गोष्टी खोडून काढायला फार अक्कल लागत नाही. त्या उगवतात कुठल्या मातीत, हे बघण्यात मला जास्त रस आहे.

सुरुवात रॉसवेलपासून करू. ८ जुलै १९४७. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या या लष्करी विमानतळानं स्वतःच पत्रक काढलं, की आमच्या हाती ‘उडती तबकडी’ लागली आहे. काही तासांत वरिष्ठांनी सारवासारव केली: तबकडी कसली, हवामानाचा फुगा आहे! आता गंमत अशी, की हा खुलासाही धड खरा नव्हता. १९९४ मध्ये हवाई दलानं अहवाल दिला, की ते अवशेष बहुधा ‘मोगल’ नावाच्या गुप्त प्रकल्पातल्या फुग्यांच्या माळेचे होते. सोव्हिएत युनियननं अणुचाचणी केली तर तिचा आवाज वातावरणाच्या वरच्या थरांत दूरवर ऐकू येईल, या अंदाजानं हे फुगे ध्वनियंत्रं घेऊन सोडले जात. म्हणजे सरकार काहीतरी लपवत होतं, हा लोकांचा वास बरोबर होता. चूक झाली ती लपवलेल्या वस्तूचा पत्ता अंतराळात शोधण्यात.

सीआयए या अमेरिकी गुप्तहेर संस्थेच्या यू-टू या टेहळणी विमानाची कथा मला याहून आवडते. १९५५ च्या उन्हाळ्यात नेवाडाच्या वाळवंटात, ज्याला आपण ‘एरिया ५१’ म्हणतो तिथे, त्याच्या चाचण्या सुरू झाल्या. प्रवासी विमानं तेव्हा साधारण दहा ते वीस हजार फुटांवरून उडायची. हे पठ्ठं साठ हजारांच्या वर. संध्याकाळी खालच्या वैमानिकाच्या भोवती अंधार पडलेला असे आणि वर मात्र सूर्य अजून मावळलेला नसे. त्या उन्हात यू-टूचे चंदेरी पंख पेटल्यासारखे चमकायचे. इतक्या उंचीवर माणसाचं विमान असूच शकत नाही, अशी तेव्हा समजूत. मग आकाशात तबकडी दिसल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. हवाई दलाचे तपासणी अधिकारी सीआयएकडे उड्डाणांच्या वेळा पडताळून बघत, जुळल्या तर मनात समजून घेत आणि तक्रारदाराला वातावरणातल्या एखाद्या नैसर्गिक घटनेचं कारण देत. खरं सांगायची सोयच नव्हती. पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या आणि साठच्या दशकातल्या निम्म्याहून अधिक नोंदी अशा टेहळणी विमानांच्याच होत्या, असा सीआयएच्या इतिहासकाराचा दावा आहे. ‘निम्म्याहून अधिक’ हे मला जरा सोयीचं वाटतं. पण निम्म्याचे निम्मे धरले तरी पुरे.

तबकडीची अफवा गुप्ततेच्या पथ्यावर पडते, ती अशी. एखाद्याला वेड्यात काढलं, की त्यानं नेमकं काय पाहिलं हे कोणी विचारत नाही.

फिलिप कॉर्सो नावाच्या निवृत्त लष्करी अधिकाऱ्यानं १९९७ मध्ये याच्याही पुढची मजल मारली. रॉसवेलच्या अवशेषांतलं तंत्रज्ञान १९६१ पासून आपण कंपन्यांच्या हाती सोपवत गेलो, लेझर काय, एकात्मिक सर्किट (चिप) काय, सगळं तिथलंच, असं तो सांगत सुटला. पण जॅक किल्बीचं सर्किट १९५८ चं आणि मेमनचा लेझर मे १९६० चा! पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही.

राजकारण्यांनीही परग्रहवासीयांच्या कल्पनेला हात लावला आहे. १९८५ मध्ये जिनिव्हात फेरफटका मारताना अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी सोव्हिएत नेते गोर्बाचेव्हना विचारलं, की अंतराळातून कोणी आमच्यावर हल्ला केला तर तुम्ही मदतीला याल का? गोर्बाचेव्ह म्हणाले, नक्कीच. काही अभ्यासू मंडळींना यात गुप्त कराराचा सुगावा लागतो. मला तर दोन थकलेले शत्रू बोलायला निमित्त शोधताना दिसतात.

आता पुन्हा इराक. युद्धाचं अधिकृत कारण होतं सर्वसंहारक शस्त्रं, आणि ती सापडली नाहीत. कारणाची जागा अशी रिकामी राहिली, की तिथे काहीही येऊन बसतं, दारही बसलं. पण मग त्या दाराच्या दिशेनं जाऊन पाहा. व्हिडिओवाल्यांच्या मते रहस्य दडलं होतं सुमेरियन वारशात, आणि तो वारसा मोठ्या प्रमाणावर बगदादच्या राष्ट्रीय संग्रहालयात होता. १० ते १२ एप्रिल २००३ या तीन दिवसांत ते लुटलं गेलं. सुमारे १५ हजार वस्तू गेल्या. पाच हजार वर्षांपूर्वीची, वार्का इथली सुमेरियन फुलदाणी जूनमध्ये परत आली, ती तुकड्यांत, एका मोटारीच्या डिकीतून. अमेरिकी रणगाडे संग्रहालयाच्या रक्षणाला पोचले १६ एप्रिलला. तेल मंत्रालयाच्या इमारतीवर मात्र त्याआधीपासून त्यांचा पहारा होता.