सावलीची कड: इंदूरच्या एका वाड्यात उजेडाचा पहिला धडा

राजवाड्याच्या मागच्या गल्लीतला हा चौक. वरून उघडा, चारी बाजूंनी लाकडी खांब, मधे तुळशीवृंदावन. डिसेंबरचा शेवटचा आठवडा, दुपारचे साडेबारा वाजलेत, आणि वृंदावनाची सावली बघा, जवळपास त्याच्या उंचीएवढीच लांब पडलीये. भर दुपारी! या दिवसांत इंदूरला सूर्य डोक्यावर येतच नाही, फार तर 44 अंशांपर्यंत चढतो आणि तिथूनच उतरायला लागतो. आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात याच जागी उभे राहिलात तर सूर्य बरोब्बर माथ्यावर, सावली पायाखाली गायब, कारण कर्कवृत्त इथून उत्तरेला, उज्जैनच्या थोडं पुढून जातं.

म्हणजे "दुपारी फोटो काढायचेच नाहीत" हे जे नवीन मुलांना पहिल्याच दिवशी सांगतात, ऊन माथ्यावर असतं म्हणून, ते इथे हिवाळ्यात तरी लागू होत नाही. घड्याळ कशाला बघायचं, खाली जमिनीवर सावली बघा ना.

आमच्याबरोबर फोटो काढायला शिकणाऱ्या या ग्रुपमधे कोणाकडे मोठा कॅमेरा नाही, सगळ्यांच्या हातात मोबाईल. दोघं-तिघं लेन्स घ्यायला पैसे जमवतायत, त्यांना आम्ही थांबवलं. आधी उजेड वाचायला शिका, लेन्स कुठे पळून जात नाही.

आता दाराशी बसलेल्या काकूंकडे या. तांदूळ निवडतायत. पहिला फोटो चौकातल्या उन्हात काढला, नाकाची सावली ओठावर काळी, कड सुरीने कापल्यासारखी, डोळे बारीक झालेले. मग त्यांना म्हटलं, काकू, दोन पावलं मागे सरका, उंबऱ्याच्या आत. त्या हसल्या, म्हणाल्या, "अहो तिथे तर अंधार आहे." पण आता बघा. तोच चेहरा, तीच वेळ, नाकाची सावली आहे पण तिची कड कुठे संपते ते बोट ठेवून सांगता येणार नाही. सुरकुती न् सुरकुती दिसते आणि एकही टोचत नाही. डोळ्यांत नीट बघा, बुबुळावर दाराचा छोटा पांढरा चौकोन उमटलाय.

झालं काय? सूर्य केवढा का मोठा असेना, इतका लांब आहे की आकाशात तो जेमतेम अर्धा अंश जागा घेतो, म्हणजे आपल्यासाठी तो एक बारीकसा दिवा, आणि बारीक दिव्याची सावली कडक. उंबऱ्याच्या आत आलात की ऊन थेट अंगावर येत नाही, उजळलेला अख्खा चौक आणि वरचं आकाश मिळून दाराएवढा मोठा दिवा होतो. मोठा दिवा, मऊ सावली. ढग आले की हेच होतं, अख्खं आकाश दिवा बनतं. आणि मोठा म्हणजे काकूंच्या जागेवरून मोठा, त्यांना दारापासून आत खोलीच्या टोकाला नेलं की तेच दार लहान होतं, सावली परत कडक व्हायला लागते आणि उजेडही झपकन कमी होतो. म्हणून दाराजवळच बसवा.

एकाने चेहऱ्याची काळी बाजू उजळायला स्टीलची परात धरली. गालावर चकचकीत चट्टा पडला. परात काढून पांढरी चादर धरली तर सावली हळूच भरली, कोणी काही धरलंय हे कळतसुद्धा नाही. आणि काकूंचं पांढरं पातळ फोटोत करडं आलं होतं, कारण समोर जे असेल ते मधल्या करड्या रंगाचं आहे असं कॅमेरा धरून चालतो. चेहऱ्यावर टॅप करा, सूर्याची खूण थोडी वर सरकवा, झालं पांढरं.

आता हे इंदूरशी जोडून सांगायलाच हवं. 1866 साली मेरठजवळच्या सरधन्याचे एक तरुण इथे बांधकाम खात्यात नोकरीला आले, काम नकाशे आणि अंदाजपत्रकांचं. नाव लाला दीनदयाळ. 1874 च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हातात घेतला, इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी पाठिंबा दिला, पहिला स्टुडिओ इंदुरातच निघाला, पुढे हैदराबादच्या निजामाचे दरबारी फोटोग्राफर झाले. त्या काळात फिल्मच्या जागी रसायन लावलेली ओली प्लेट असायची, तिला निळा उजेड दिसायचा, लाल जवळपास दिसायचाच नाही, म्हणून लाल पगडी काळी यायची आणि आकाश कोरं पांढरं. प्लेट काचेची, ओली असेपर्यंतच फोटो घ्यायचा आणि धुवायचाही. फोटोग्राफर तंबूचं अंधारघर सोबत घेऊन फिरायचे, मग ऊन कुठून येतंय आणि किती वेळ टिकणारे हे न बघता कोण काच खर्च करणार? स्टुडिओतसुद्धा विजेचा दिवा नव्हता हो, उत्तरेकडे काचेचं छप्पर ठेवायचे, तिथून थेट ऊन येत नाही, फक्त आकाशाचा उजेड. आपल्या काकूंचं दार म्हणजे तेच.

कृष्णपुरा छत्र्यांवर, म्हणजे होळकरांच्या समाध्यांवर, संध्याकाळी गेलो. दगडी कोरीवकाम, ऊन बाजूने घासून जातंय, प्रत्येक फुलाच्या पाकळीला आपली सावली. फ्लॅश मारला की सगळं सपाट, म्हणून तो बंदच ठेवायला सांगितला.

दुपारच्या त्या वाड्याच्या शेजारचा वाडा पडला, तिथे तीन मजली दुकानं झाली, चौकातलं ऊन आता लवकर जातं.

रात्री सराफा. सोन्याची दुकानं बंद झाली की खाण्याची लागतात. जिलेबीच्या कढईची वाफ बघा, बल्ब वाफेच्या मागे आहे आणि त्याच्या मागे काळोख, म्हणून ती इतकी पांढरी दिसते. चार पावलं फिरून बल्ब आपल्या पाठीशी घेतला की वाफ गेलीच म्हणून समजा. इथे एका हाताला पिवळा बल्ब, दुसऱ्या हाताला निळसर एलईडी, मधे उभ्या माणसाचा चेहरा अर्धा हळदीचा अर्धा आजारी दिसतो, आणि मोबाईल दोन्ही एकदम दुरुस्त करू शकत नाही. एकच दिवा निवडा, माणसाला त्याच्याकडे तोंड करून उभं करा, व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून मोबाईलमधली रंगाची सेटिंग, त्याच दिव्याचा लावा, आणि दुसऱ्या दिव्याला तुमच्या अंगाचा आडोसा करा.